चित्रफीतनिर्मिती, विद्यार्थीकृत

पाठ्यविषयातील एखादा घटक समजून घेण्यासाठी विद्यार्थ्यांनी स्वतः संहितालेखन, चित्रण व संकलन करून लघुचित्रफीत तयार करण्याची अध्यापनपद्धती. तयार चित्रपट वर्गात दाखविण्याच्या पद्धतीहून ती मूलतः भिन्न आहे. तेथे विद्यार्थी प्रेक्षक असतो. येथे काय दाखवावे, काय वगळावे व कोणत्या क्रमाने सांगावे, हे त्यालाच ठरवावे लागते. विषय समजल्याखेरीज हा निर्णय घेता येत नाही. पद्धतीचे शैक्षणिक मूल्य यातच आहे.

पार्श्वभूमी : कृतीतून शिक्षण हे तत्त्व जॉन ड्यूई यांनी शिकागो येथील प्रायोगिक शाळेत (स्थापना १८९६) राबविले. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ मध्ये वर्गात मुद्रणयंत्र आणून मुलांचेच लेखन त्यांच्याकडून छापवून घेतले. विद्यार्थीकृत चित्रफीत याच परंपरेत मोडते. चित्रपटाच्या फितीवर रासायनिक प्रक्रिया करावी लागे. ती खर्चिक व वेळखाऊ असे. १९६७ मध्ये सोनी कंपनीचा ‘पोर्टापॅक’ हा सुवाह्य चित्रमुद्रक आला. चुंबकीय फितीवरील चित्रण पुसून पुन्हा करता येत असल्याने नवशिक्याला चुका करून शिकणे परवडू लागले.

भारतात शैक्षणिक दूरचित्रवाणीचा ओघ प्रारंभी केंद्राकडून शाळेकडे होता. ‘साइट’ या उपग्रह-प्रयोगात (१९७५–७६) सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखविण्यात आले. पुण्याच्या ‘बालचित्रवाणी’ने १९८४ पासून शालेय कार्यक्रम निर्माण केले, ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. कॅमेरायुक्त भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर मात्र निर्मितीचे साधन शाळेच्या आवाक्यात आले.

कार्यपद्धती : चार-पाच विद्यार्थ्यांचा गट प्रथम एक प्रश्न निश्चित करतो, माहिती जमवितो आणि दृश्यांचा चित्रानुक्रम कागदावर आखतो. त्यानंतर चित्रण, संकलन, वर्गासमोर प्रदर्शन व चर्चा हे टप्पे येतात. शिक्षकाने संहितेच्या टप्प्यावरच आशय तपासणे इष्ट असते. उदा., मुक्तपतनाचा अभ्यास करताना मोजपट्टीसमोर चेंडू सोडून सेकंदाला ३० चौकटी या वेगाने चित्रण केल्यास ३, ६ व ९ चौकटींनंतर चेंडू अनुक्रमे सु. ४·९, १९·६ व ४४·१ सेंमी. खाली आलेला दिसतो. अंतरे १ : ४ : ९ या प्रमाणात आहेत, म्हणजे ती कालाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, हे विद्यार्थी स्वतःच्या चित्रणातून पडताळू शकतो. इतिहास व भूगोल या विषयांत गावातील वृद्धांच्या मुलाखती, जुन्या विहिरी, बाजारपेठा यांची चित्रणे उपयुक्त ठरतात. तेथे ऐकीव माहिती व पुरावा यांतील भेद विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हाताळावा लागतो.

मर्यादा : ही पद्धती वेळखाऊ असल्याने ती निवडक घटकांपुरतीच वापरणे योग्य. संगीत, रंग व चमत्कृती यांच्या मागे लागून आशय दुर्लक्षिला जाण्याचा धोका असतो. म्हणून मूल्यमापनात तांत्रिक सफाईपेक्षा अचूकता व युक्तिवाद यांना अधिक महत्त्व द्यावे. गटातील ज्याला यंत्राची सवय आहे त्याच्याच हाती कॅमेरा राहतो आणि इतर, विशेषतः घरी साधन नसलेली मुले, बाजूला पडतात. कामे आळीपाळीने वाटून आणि साधने शाळेने पुरवून हा दोष टाळता येतो. चित्रित व्यक्तींची व मुलांच्या पालकांची संमती आवश्यक आहे. वर्गासाठी केलेले चित्रण संमतीशिवाय सार्वजनिक करणे अनुचित होय. या दक्षता न घेतल्यास नवे साधन वर्गातील जुनीच विषमता दृढ करते.