नगरपंचायत आणि नवउद्योजकाचे अनुदान : ढाणकीच्या संदर्भात

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी येथे ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली. या बदलाचा नवउद्योजकावर होणारा परिणाम मात्र क्वचितच विचारात घेतला जातो.

2008 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात 20,000 पर्यंत लोकवस्तीचे शहरही ‘ग्रामीण’ गणले जात असे. 2022 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी पंचायत राज संस्थांचे क्षेत्र तेवढे ग्रामीण व नगर संस्थांचे क्षेत्र शहरी ठरविले. सर्वसाधारण प्रवर्गासाठी ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के, तर शहरी भागात 15 टक्के अनुदान निश्चित होते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदींसाठी अनुक्रमे 35 व 25 टक्के. म्हणजे दहा लाखांच्या डाळमिलीस नगरपंचायतीच्या हद्दीत एक लाख रुपये कमी. शेतमालावर जगणाऱ्या बाजारपेठेस ‘शहर’ म्हणणे कागदोपत्रीच शोभते! शिवाय हे अनुदान उद्योजकाच्या हाती पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते व उद्योग चालू असल्याची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावरच कर्जखात्यात वळते होते.

नगर संस्थेचा लाभ झाला तो पथविक्रेत्यांना. 2020 ची पीएम स्वनिधी योजना शहरी पथविक्रेत्यांसाठी होती. शिफारसपत्र देण्याचा अधिकार नगर संस्थेकडे होता. पहिले कर्ज त्या वेळी 10,000 रुपयांपर्यंतचे होते व वेळेवर परतफेड करणाऱ्यास 7 टक्के व्याज अनुदान मिळे.