नव्या तलंगा, जुने खुराडे

घरच्या कोंबड्या वयस्क झाल्या, अंडी कमी झाली, की आठवडी बाजारातून तीन-चार तलंगा आणल्या जातात. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. संध्याकाळी पाय बांधलेल्या तलंगा घरी येतात, दोरी सुटते आणि त्यांची रवानगी थेट जुन्या खुराड्यात होते. सकाळी एखादीच्या डोक्यावर रक्त दिसले की घरातले हळहळतात. पण त्याच रात्री खुराड्यात दुसरेही काही शिरलेले असू शकते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. आठ-दहा दिवसांनी जुन्या कोंबड्या माना टाकू लागतात, तेव्हा बाजाराचा तो दिवस कुणाला आठवतही नाही.

नव्या तलंगांबरोबर असे दोन धोके येतात. एक चोचीचा, दुसरा जंतूंचा. दोन्हींवर उपाय एकच आहे : आधी अंतर ठेवणे आणि ते हळूहळू कमी करणे.

आधी विलगीकरण

‘विलगीकरण’ हा शब्द करोनाच्या काळात घरोघरी पोहोचला, पण ही पद्धत जुनी आहे. आजच्या क्रोएशियातील डुब्रोवनिक, म्हणजे तेव्हाच्या रगुसा बंदराने १३७७ मध्ये प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर ठेवण्याचा नियम केला. निरोगी दिसणाऱ्याच्या अंगातही रोग असू शकतो, तो दिसायला वेळ लागतो, हा त्यामागचा अनुभव होता.

कोंबड्यांचेही तसेच. मानमोडी, म्हणजे राणीखेत या विषाणुजन्य रोगाची लागण झाल्यावर लक्षणे बहुधा पाच-सहा दिवसांनी दिसतात. कधी दोन आठवडेही लागतात. मग हिरवट हगवण, धाप, लुळे पडलेले पाय, वाकडी झालेली मान. लस न दिलेल्या कोंबड्यांत हा रोग शिरला तर काही दिवसांत खुराडे रिकामे होऊ शकते. बाजारात दहा गावांच्या कोंबड्या एकाच टोपलीत असतात, त्यामुळे तिथे लागण होणे सोपे असते.

म्हणून नव्या तलंगा तीन ते चार आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. परसाचे दुसरे टोक, गोठ्याचा कोपरा, रिकामी पडवी, जिथे जागा असेल तिथे. मात्र त्यांचे सांडपाणी आणि विष्ठा जुन्या कोंबड्यांकडे जाऊ नये. दाण्याचे व पाण्याचे भांडे वेगळे हवे. रोज आधी जुन्या कोंबड्यांचे काम उरकावे, नंतर नव्यांचे, आणि शेवटी हात-पाय व चपला धुवाव्यात.

धोका उलट दिशेनेही असतो. रक्ती हगवणीचे परजीवी जुन्या कोंबड्यांच्या आतड्यात असतात. त्यांना ते सोसतात, पण विष्ठेतून ते जमिनीवर पडतात आणि ओल्या जागेत टिकतात. तरुण पक्षी आजारी पडतो तो त्यामुळे. खुराड्यातील भुसा कोरडा ठेवणे आणि पाण्याचे भांडे विष्ठा पडणार नाही इतके उंच ठेवणे, यानेच बरेच काम होते.

विलगीकरणाने सगळेच रोग पकडले जातात असे नाही. श्वसनाचे काही जंतू कोंबडीच्या अंगात महिनोन्‌महिने लक्षणांशिवाय राहतात. त्यामुळे शक्य असेल तेव्हा बाजाराऐवजी लसीकरण केलेल्या, माहितीच्या ठिकाणाहून पक्षी घ्यावेत.

याच काळात लसीकरण उरकावे. मानमोडीच्या लसीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. एका बाटलीत बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि द्रावणात मिसळल्यावर ती दोन-एक तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी बाटली फोडणे म्हणूनच टाळले जाते. वस्तीतील घरांनी एक दिवस ठरवून सगळ्या कोंबड्यांना एकदम लस द्यावी. लस बर्फात घालून आणावी. ती टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून लगेच एकत्र करण्याची घाई करू नये.

मग ओळख

कोंबड्यांमध्ये मानाची उतरंड असते. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी मुकाट बाजूला व्हायचे, हे ठरलेले असते. नॉर्वेचे थोरलाइफ शेल्डेरुप-एबे लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करीत. त्यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ही उतरंड शास्त्रीय पद्धतीने मांडली. इंग्रजीतील ‘पेकिंग ऑर्डर’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. नवा पक्षी आला की ही उतरंड पुन्हा ठरते आणि ती चोचीनेच ठरते.

विलगीकरण संपल्यावर आठवडा-दहा दिवस दोन्ही गटांमध्ये फक्त जाळी ठेवावी. दिसतील, पण टोचता येणार नाही, अशी. त्यानंतर संध्याकाळच्या वेळी मोकळ्या अंगणात एकत्र सोडावे. दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे, म्हणजे एक दांडगी कोंबडी सगळ्यांना उपाशी ठेवू शकणार नाही. पळून लपायला पाट्या किंवा फांद्या असाव्यात. एकटी तलंग कधीच सोडू नये. दोन-तीन असल्या तर मार वाटला जातो. अंगाने त्या जुन्यांच्या जवळपास झालेल्या असाव्यात.

पहिले काही दिवस टोचाटोची चालेल; ती सोडवायला धावू नये. मात्र रक्त दिसले तर ती कोंबडी त्याच क्षणी बाजूला काढावी. लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच टोचत राहतात आणि जीव जाऊ शकतो. एकच कोंबडी सगळ्यांना छळत असेल तर तिलाच चार-पाच दिवस वेगळे ठेवावे. परतल्यावर तिचा रुबाब बहुधा उतरलेला असतो.

खाद्याकडेही लक्ष हवे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात सुमारे चार टक्के कॅल्शियम असते, तलंगांना एक टक्क्याच्या आसपास पुरते. जास्त कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. दोघी एकत्र असताना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. गरज असेल ती कोंबडी तो खाते.

घरच्यांची काळजी

निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा जंतू असू शकतो. त्याने माणसाला ताप, जुलाब, पोटदुखी होते. पाच वर्षांखालील मुले आणि वृद्धांना त्रास जास्त. कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुणे, मुलांना पक्षी तोंडाजवळ घेऊ न देणे आणि अंडी पूर्ण शिजवून खाणे, एवढे पाळावे. मानमोडीच्या विषाणूनेही हाताळणाऱ्याचे डोळे लाल होऊ शकतात. तो त्रास सहसा आपोआप बरा होतो.

बर्ड फ्लूची गोष्ट वेगळी. देशातील पाळीव कोंबड्यांत तो प्रथम आढळला फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. माणसाला तो क्वचितच होतो, पण २००३ पासून जगभर नोंदलेल्या ‘एच५एन१’च्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत. म्हणून एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या अचानक मेल्या तर त्या कापू नयेत, शिजवू नयेत, स्वस्तात विकू नयेत, ओढ्यात टाकू नयेत. उघड्या हाताने स्पर्श न करता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. त्यानंतरच्या दहा दिवसांत घरात कुणाला ताप, खोकला किंवा दम लागला, तर डॉक्टरांकडे जाऊन कोंबड्या मेल्याचे आपणहून सांगावे. ताप आलेल्या प्रत्येकाला खुराड्याबद्दल विचारले जातेच असे नाही.