रेस दिली की शिट्टी

साडेनऊ. शटर वर गेलं तेव्हा सासवडची एक डिझेल हॅचबॅक दारात उभीच होती. नाना पेठेत याच वेळेला गाडी लावायला जागा मिळते, हे मालकाला ठाऊक असावं. "दादा, गाणं लावलं की मागे कुंईऽऽ असा आवाज येतो. रेस दिली की वाढतो. एक फिल्टर टाकून द्या." निदान आणि औषध दोन्ही घरूनच ठरवून आला होता.

फिल्टर मी विकतो. पण स्वस्तातल्या फिल्टरने शिट्टीबरोबर बासही पातळ होतो, आणि मूळ दोष तिथंच राहतो.

दहा. इंजिन बंद, चावी ऑन : आवाज साफ. स्टार्ट केलं की शिट्टी, ॲक्सिलेटर दाबला की सूर चढतो. म्हणजे अल्टरनेटर. त्यातला एसी डायोडमधून डीसी होऊन निघतो, तरी थोडी लहर उरतेच. मीटर एसीवर ठेवून बॅटरीला लावला : ०.०३ व्होल्ट. अर्धा व्होल्ट दिसला असता तर डायोडवर संशय घेतला असता. डीसीवर १४.१. चार्जिंग ठीक, दोष पुढेच कुठेतरी.

टेपचा व्हॉल्यूम शून्यावर नेला, तरी शिट्टी तेवढीच. मग डिकीत ॲम्पच्या आरसीए पिना काढल्या आणि दोन्ही सॉकेटमध्ये शॉर्ट केलेल्या पिना घातल्या. एकदम शांत. ॲम्प निर्दोष सुटला.

अकरा. पोऱ्याने मागच्या सीटची गादी उचलली आणि चोर सापडला. ॲम्पची अर्थ वायर आधीच्या फिटरने सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबली होती! त्या बोल्टवर माणसाचा जीव असतो, तिथं वायर कोंबायची नाही, हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात. शिवाय खाली रंग तसाच. रंगावर टेकलेली वायर बॉडीला नीट लागत नाही. मग टेपची अर्थ आणि ॲम्पची अर्थ यांत फरक पडतो, आणि त्या फरकामुळे करंट आरसीएच्या जाळीतून वाट काढतो. शिट्टी येते ती तिथून.

बॅटरीजवळचा मेन फ्यूज काढला. सीटबेल्टचा बोल्ट मोकळा करून पुन्हा नीट आवळला. बाजूच्या पत्र्यावर, खाली पेट्रोल-डिझेलची टाकी किंवा पाइप नाही हे बघून, रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासली. चकचकीत लोखंड दिसल्यावरच थांबलो. प्लसइतकीच जाड वायर, दीड फुटाच्या आत, थिंबल क्रिंप करून, दातेरी वॉशर, नटबोल्ट. गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस.

एक. डबा. मालक म्हणाले, "एवढंच होतं?" एवढंच नव्हतं. शिट्टी बरीच बसली होती, पण बारीक धागा उरला होता.

तीनपर्यंतचा वेळ सिल प्लेटा उचकटण्यात गेला. आरसीए पॉवरच्या वायरला चिकटूनच गेली होती, ती दुसऱ्या बाजूने ओढली. ॲम्पचा गेन कुणीतरी पूर्ण फिरवून ठेवलेला. तो खाली आणला, टेपचा व्हॉल्यूम वाढवला.

साडेचारला रेस दिली, आवाज नाही. मजुरी ऐकून मालक म्हणाले, "फिल्टर स्वस्त पडला असता हो." पैसे मात्र घासाघीस न करता दिले.

सातला एका ओळखीच्या पोराचा फोन : त्याच्या टेपमध्ये टिकटिक येतेय, इंडिकेटर लावला की. उद्या गाडी घेऊन ये म्हटलं, टेप सोडवून आणू नकोस.