पाळी गेली, पीसीओएस मात्र राहिला

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम), म्हणजे पाळी लांबवणारा बीजकोशांचा विकार, म्हटलं की आपल्याला कॉलेजातली मुलगी आठवते. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीतल्या पन्नाशीच्या बाईला हे नाव कुणी कधी सांगितलेलंही नसेल. तरुणपणी तिची पाळी दोन-दोन महिने लांबायची, एवढंच तिला आठवतं.

गंमत अशी, की चाळिशीत अशा बायकांची पाळी बऱ्याचदा नियमित होते. बीजकोशांतली बीजांची गर्दी कमी होते, म्हणून. रजोनिवृत्तीही इतरांपेक्षा साधारण दोनेक वर्षं उशिरा येते. मग वाटतं, सुटलो!

पण बीजकोश आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी पुरुषी संप्रेरकं तयार करतच राहतात. हनुवटीवर राठ केस येतात, टाळूवरचे विरळ होतात. मानेच्या घडीतला मखमली काळेपणा कितीही घासला तरी जात नाही, कारण तो मळ नसतो. इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती खूण असते. मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका इथूनच वाढतो. वर्षानुवर्षं लांबलेल्या पाळीमुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यताही जास्त.

सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात. तिथे जा, जुन्या पाळीची हकिकत न लाजता सांगा. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी अंगावर काढू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.