बाकीचे किती पितात, हा हिशेब चुकतो तेव्हा

कॉलेजात गेल्यावर मुलं जास्त का पिऊ लागतात? संगत वाईट किंवा मन कच्चं, ही दोन उत्तरं तयारच असतात. अमेरिकी विद्यापीठांत 1980च्या दशकापासून झालेला अभ्यास तिसरंच कारण पुढे ठेवतो. बेताने पिणाऱ्याला वाटतं, या गर्दीत असा मी एकटाच. आणि हे वाटणं बहुतेक वेळा चुकीचं असतं.

वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ या संशोधकांनी 1986 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका कॉलेजाच्या पाहणीत हे दाखवून दिलं. बहुतेकांचं स्वतःचं मत मवाळ होतं, पण बाकीच्यांना दारूचं काहीच वाटत नाही, असं त्यांनी धरलं होतं. 1993 साली डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांना प्रिन्स्टन विद्यापीठातही हेच आढळलं.

हा गैरसमज पायरीपायरीने कसा तयार होतो, ते पाहू. पहिली पायरी नजरेत भरण्याची. शनिवारी रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात दोघंतिघं आरडाओरडा करतात. ते साऱ्या मजल्याला ऐकू जातं. बंद दारांआड झोपलेले, अभ्यास करणारे किंवा एक बिअर घेऊन परतलेले कोणाच्या नजरेत येत नाहीत. सोमवारी जेवताना किस्सा रंगतो तोही व्हरांड्यातल्यांचाच. ‘एक बिअर घेतली आणि झोपलो’ यात सांगण्यासारखं काय असतं?

दुसरी पायरी चेहरे वाचण्याची. मित्र चौथा ग्लास पुढे करतो. नको असतो, पण आपण हसून घेतो. आपल्या हसण्यामागचा संकोच आपल्याला ठाऊक असतो. समोरच्याचं हसणं मात्र खुशीचं वाटतं. तोही आपल्याबद्दल तेच समजतो. अशा रीतीने प्रत्येकजण मनात अवघडलेला असतो आणि एकमेकांच्या नजरेत मजेत असतो.

तिसऱ्या पायरीवर मतच सरकतं. प्रिन्स्टनमध्ये सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुलग्यांची मतं त्यांनी मानलेल्या ‘सर्वसाधारण’ मताकडे झुकली. मुलींची झुकली नाहीत. पिण्याचा संबंध पुरुषांच्या कॅम्पसवरच्या ओळखीशी अधिक घट्ट जोडलेला असावा, असा अभ्यासकांचा कयास होता.

मग उपाय काय? प्रिन्स्टनमध्येच क्रिस्टीन श्रोडर आणि प्रेंटिस यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या गटचर्चा घेतल्या. काही गटांत जबाबदारीने निर्णय कसा घ्यावा, याची चर्चा झाली. इतर गटांत या सामूहिक गैरसमजाचीच उकल करण्यात आली. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चार ते सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रकारच्या गटांतले विद्यार्थी कमी पीत असल्याचं सांगत होते.

‘बहुतेक विद्यार्थी बेतानेच पितात’ असं सांगणाऱ्या नुसत्या भित्तिपत्रकांनी मात्र हे हमखास साधत नाही. हार्वर्डचे हेन्री वेक्सलर यांच्या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, अशा मोहिमा राबवणाऱ्या कॉलेजांत पिणं घटल्याचं दिसलं नाही. ‘सरासरी विद्यार्थी’ हा कोणाचा मित्र नसतो. आपल्या टेबलावरच्या चौघांचं मत जास्त वजनदार ठरतं. शिवाय सरासरीचा आकडा जाहीर केला, तर त्याहून कमी पिणाऱ्याला आणखी थोडं चालेल, असं वाटण्याचा धोका असतो.

कारणंही सगळ्यांची सारखी नसतात. संशोधक लिन कूपर यांनी 1994 साली पिण्यामागचे चार हेतू मांडले: लोकांत मिसळणं, मजा, दुःख विसरणं आणि गटाबाहेर पडू नये ही धडपड. गैरसमज दूर झाल्याचा फायदा यातल्या शेवटच्या हेतूने पिणाऱ्यांना सर्वांत जास्त व्हावा. दुःख विसरायला पिणाऱ्याला आकडे सांगून भागत नाही. त्याला ऐकून घेणारा माणूस आणि समुपदेशक हवा.

दारूचं पूर्णपणे निर्धोक असं कोणतंही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट केलं आहे. म्हणून अजिबात न घेणाऱ्याला कारण विचारू नये आणि ‘बास’ म्हणणाऱ्याला आग्रह करू नये. शिकायला बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलामुलींना घरच्यांनी ‘पिऊ नको’ एवढंच सांगून थांबू नये. तिथे संयमाने राहणारे पुष्कळ असतात, फक्त ते दिसत नाहीत, हेही सांगावं. आणि विद्यार्थ्यांनो, नको असेल तेव्हा ‘मला पुरे’ हे मोठ्याने म्हणा. शेजारी बसलेला कदाचित कोणीतरी तसं म्हणण्याचीच वाट पाहत असेल.