हाडात रुजणारी कंडरा

खुर्चीवर बसून हे वाचत असाल, तर एका बाजूला किंचित कला आणि हाताचा तळवा नितंबाखाली घाला. बोटांना एक टणक उंचवटा लागेल. बसल्यावर आपला भार पेलणारं हाड ते हेच. याच उंचवट्यापासून तीन स्नायू निघतात आणि मांडीच्या मागून गुडघ्याखाली जाऊन पोचतात. क्रिकेटच्या बातम्यांमुळे त्यांचं हॅमस्ट्रिंग हे नाव आता घराघरांत ठाऊक झालं आहे. धावताना पुढे गेलेला पाय वेळेवर आवरतात ते हे स्नायू. भरलेली बादली उचलायला वाकलो की धड सावरून धरतात तेही हेच.

खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ते ओलांडतात. त्यांची ताकद यातच आहे आणि धोकाही यातच. खुबा वाकलेला, गुडघा सरळ, आणि पाय अचानक पुढे घसरला, तर हे स्नायू दोन्ही टोकांकडून एकदम ताणले जातात. वॉटर-स्कीइंग करणाऱ्यांना ही दुखापत होते हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत आहे. पण पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणातही पाय तसाच घसरतो. ताण फारच असेल तर कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा, हाडापासूनच उपटून निघते.

मग शस्त्रक्रिया. रुग्णाला पालथं झोपवून बहुधा नितंबाखालच्या घडीत छेद घेतात. शरीरातली सर्वांत जाड नस, सायटिक, तिथून जेमतेम बोटभर अंतरावर असते. तिला जपून बाजूला धरावं लागतं. हाडात छोटे अँकर बसवतात, त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा ओढून पुन्हा हाडाला टेकवतात आणि जखम शिवतात. सर्जनचं काम इथे संपतं. मला ज्याचं अपार नवल वाटतं ते यानंतर घरच्या पलंगावर सुरू होतं.

कारण त्या दोऱ्यांनी कंडरा हाडाला जोडली गेलेली नसते, फक्त टेकवून धरलेली असते. स्लॅब टाकल्यावर खालचं सेंटरिंग जे करतं, तेच हे दोरे करतात: आतलं काम पक्कं होईपर्यंत आधार देतात. खरा जोड शरीर घालतं, पेशी-पेशीनं, महिनोन्महिने.

मूळचा जोड कसा असतो तो पाहा. कंडरा मऊ आणि लवचीक, हाड कडक. दोन इतके वेगळे पदार्थ थेट चिकटवले तर सगळा ताण त्या एका रेषेवर येऊन जोड तिथेच सुटेल. म्हणून शरीर मध्ये पायऱ्या ठेवतं: आधी कंडरा, मग कूर्चा मिसळलेला थर, मग कॅल्शियम साचलेल्या कूर्चेचा थर आणि शेवटी हाड. मऊपासून कडकपर्यंतचा हा प्रवास अगदी थोडक्या जागेत, साधारण मिलिमीटरभर अंतरात उरकतो. एकदा उपटल्यावर हीच रचना हुबेहूब परत येत नाही. तिच्या जागी व्रणाची ऊती तयार होते, आणि तिच्यातले तंतू हळूहळू हाडात शिरून तिथे रुजतात. अशा तंतूंना विल्यम शार्पी या १९व्या शतकातल्या स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञाचं नाव आहे.

हे तंतू कोलॅजेनचे. कोलॅजेनचे रेणू कसे घडलेले असतात, हे उलगडण्यात मद्रासचा मोठा वाटा आहे. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी दाखवून दिलं की त्यात तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात. ज्या क्ष-किरण चित्रांवरून त्यांनी हे ताडलं, ती कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेची होती. साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल लागतं, कारण पिळाच्या आतल्या बाजूला दुसरं काही मावतच नाही. नवी जखम भरताना शरीर आधी घाईनं बारीक, विस्कळीत तंतूंचं कोलॅजेन घालतं. मग कित्येक महिने ते काढून त्या जागी जाड, ताणाच्या दिशेनं रचलेले तंतू बसवतं.

हे काम शरीरासाठी किती वेगळं आहे, याचा पुरावा अणुबॉम्बच्या चाचण्यांमधून मिळाला. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या चाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि तो अन्नावाटे त्या काळच्या प्रत्येकाच्या शरीरात गेला. डेन्मार्कच्या संशोधकांनी टाचेच्या कंडरांमध्ये हा कार्बन मोजला. त्यांचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही! म्हणजे पन्नाशीतला माणूस ज्या कंडरेवर चालतो तिचा गाभा त्याच्या शाळा-कॉलेजच्या वयातला. शस्त्रक्रियेनंतर मात्र जोडाच्या जागी शरीराला पुन्हा कंडरा विणायला बसावं लागतं. जोड पक्का व्हायला महिने का लागतात, याचं उत्तर मला यात सापडतं.

व्रणाचं मात्र वेगळं असतं. त्याची देखभाल कायम चालू राहते. ब्रिटिश आरमाराचा जॉर्ज अॅन्सन १७४० साली जगप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा त्याच्या जहाजांवर स्कर्व्हीनं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगानं, शेकडो खलाशी मेले. त्या प्रवासाच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या खलाशाची नोंद आहे. पन्नास वर्षांपूर्वी, बॉइनच्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा स्कर्व्हीत पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. कोलॅजेनचा पीळ टिकवायला क जीवनसत्त्व लागतं आणि माणसाला ते शरीरात बनवता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत ताटात आवळा, पेरू, लिंबू असावं, आणि डाळ, दूध, अंडी, मासे यांतलं जे घरात चालत असेल ते भरपूर असावं. यासाठी महागड्या पावडरींची गरज मला तरी दिसत नाही.

आता ताणाकडे वळू. कंडरेतल्या पेशींना आपल्यावर किती ओढ येते हे कळतं, आणि त्यानुसार त्या तंतू रचतात. ओढ अजिबात नसेल तर तंतू विस्कळीत राहतात. लवकर आणि जास्त आली तर दोरे आणि जोड दोन्ही सुटतात. म्हणूनच पहिले काही आठवडे, बहुधा सहा, कुबड्या. पाय जमिनीला नुसता टेकवायचा, त्यावर भार द्यायचा नाही. काही सर्जन गुडघा किंवा खुबा ठरावीक कोनात धरणारा ब्रेसही देतात. नियम प्रत्येक सर्जनचे थोडे वेगळे असतात आणि ज्यांनी आतला जोड पाहिला त्यांचेच पाळावेत.

या नियमांमागचं एकच सूत्र लक्षात ठेवलं की घर कसं लावायचं ते आपोआप सुचतं: खुबा वाकवून गुडघा सरळ करायचा नाही. पलंगावर पाय लांब करून पुढे वाकणं, वाकून मोजा चढवणं, पडलेली चमची उचलणं, सगळं या सूत्रात बाद होतं. जमिनीवर मांडी घालणं आणि उकिडवं बसणं तर दूरच. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची शस्त्रक्रियेआधीच आणून ठेवा. काही वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं आणि कुंथणं तिथल्या टाक्यांना मुळीच सोसत नाही, तेव्हा पाणी आणि भाजी-फळं यांची आठवण घरच्यांनी ठेवावी. दोन्ही हात कुबड्यांवर असल्यानं चहाचा कप स्वयंपाकघरातून खोलीपर्यंत नेता येत नाही, हे पहिल्याच सकाळी कळतं. गळ्यातली शबनम पिशवी आणि घट्ट झाकणाचा थर्मास यांनी तो प्रश्न सुटतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी.

पडल्या पडल्याही दोन कामं करण्यासारखी आहेत. एक, सर्जननी मनाई केली नसेल तर घोटा वर-खाली हलवत राहणं. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. पाय नुसता पडून राहिला तर ते साकळून गुठळी होऊ शकते. दुसरं काम मला फार विलक्षण वाटतं: फिजिओनं नेमून दिलेला चांगल्या पायाचा व्यायाम. १८९४ साली येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की एका हातानं सराव केला तर सराव न केलेल्या हाताचीही ताकद वाढते. त्यानंतर हे पुन्हा पुन्हा पडताळलं गेलं. ताकदीचा मोठा भाग मेंदूकडून स्नायूला जाणाऱ्या आज्ञेत असतो आणि ती आज्ञा सुधारली की दुसऱ्या बाजूलाही तिचा लाभ होतो. बांधून ठेवलेल्या पायासाठी मोकळा पाय मेहनत करू शकतो!

सर्वांत नाजूक काळ कोणता, असं विचाराल तर मी पहिला आठवडा म्हणणार नाही. तेव्हा दुखत असतं, माणूस स्वतःच जपतो. दुखणं थांबतं आणि पाय आपला वाटू लागतो, त्या आठवड्यांत आतले तंतू मात्र अजून कोवळे असतात. दुखणं कंडरेच्या ताकदीच्या कितीतरी आधी संपतं. धावायला सहसा तीन-चार महिने आणि पूर्ण ताकदीनं खेळायला सहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. जगातली उत्तम देखरेख हाताशी असलेल्या इंग्लंडच्या क्रिकेटपटू बेन स्टोक्सची हॅमस्ट्रिंगची शस्त्रक्रिया जानेवारी २०२५मध्ये झाली, आणि तो कसोटी खेळला मे महिन्यात.

तेव्हा कुबड्या दुखणं पाहून सोडू नका, सर्जन आणि फिजिओ सांगतील तेव्हाच सोडा. पोटरी सुजली, गरम होऊन दुखू लागली, जखमेतून पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा.