मँगनीजचे सात इलेक्ट्रॉन

मराठी वाचकाला सावनेर ठाऊक असते ते राम गणेश गडकऱ्यांमुळे. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकऱ्यांनी याच गावी देह ठेवला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रदरफर्डने नायट्रोजनच्या अणूवर अल्फा कणांचा मारा करून त्यातून हायड्रोजनचे केंद्रक, म्हणजे आपण आज ज्याला प्रोटॉन म्हणतो तो कण, बाहेर पडत असल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूरने, गिल्बर्ट लुईसच्या १९१६ सालच्या विचाराला पुढे नेत, दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवून कसे बांधले जातात याची मांडणी केली. आज शाळेच्या पुस्तकांत अणूची संरचना आणि रासायनिक बंध यांवर जे धडे आहेत, त्यांचा पाया या काही वर्षांत घातला गेला.

ते धडे शिकवायला सावनेरइतका चांगला तालुका शोधून सापडायचा नाही, असे माझे मत आहे. खाप्याजवळ मॉयल कंपनीची गुमगाव मँगनीज खाण आहे. (हिंगण्याकडचे गुमगाव वेगळे.) सावनेरच्या जमिनीखाली वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणी आहेत, खापरखेड्याला १,३४० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे, आणि वर जमिनीवर संत्र्याच्या बागा आहेत. दगड, कोळसा आणि झाड. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा बहुतेक अभ्यासक्रम यात आला.

सुरुवात दगडापासून करू. नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातला बालाघाट, छिंदवाडा हा सगळा मँगनीजचा पट्टा. भूगर्भशास्त्रात या खडकांना सौसर गट म्हणतात, आणि सौसर सावनेरपासून छिंदवाड्याच्या वाटेवरच लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुईस फर्मोरने १९०९ साली देशातल्या मँगनीज साठ्यांवर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. इथल्या एका मँगनीजयुक्त खडकाला त्याने गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते जगभराच्या पुस्तकांत टिकून आहे. पुढे १९६२ साली ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातल्या खाणी घेऊन मँगनीज ओअर इंडिया, म्हणजे आजची मॉयल, उभी राहिली.

या पट्ट्यातले एक मुख्य खनिज ब्राउनाइट. हातात घेतले तर काळपट, अपेक्षेपेक्षा जड, फोडलेल्या बाजूला मंद चकाकी. त्यातला मँगनीजचा प्रत्येक अणू आतून सारखाच असतो. केंद्रकात २५ प्रोटॉन आणि ३० न्यूट्रॉन. निसर्गात मँगनीजचा हा एकच स्थिर प्रकार आढळतो, कमीजास्त न्यूट्रॉनांची स्थिर भावंडे त्याला नाहीत. बाहेर २५ इलेक्ट्रॉन. अणूचे जवळजवळ सगळे वजन केंद्रकात, आणि केंद्रक मात्र अतिशय लहान. मँगनीजचे केंद्रक एका संत्र्याएवढे मोठे करून सावनेरच्या बसस्थानकावर ठेवले, तर त्याच्या इलेक्ट्रॉनांचा वावर चहूबाजूंनी जवळपास एक किलोमीटरपर्यंत पसरेल. मधल्या जागेत दुसरे काहीही नाही.

रसायनशास्त्राचा सारा व्यवहार त्या बाहेरच्या कडेला चालतो. खाण, भट्टी, बॅटरी, झाडाचे पान, कुठेही गेले तरी केंद्रकातले २५ प्रोटॉन जागचे हलत नाहीत. बदलते ते बाहेरच्या काही इलेक्ट्रॉनांचे वागणे. हे एवढे मनात पक्के बसले की पुढचे सोपे जाते.

शाळेत आपण २, ८, ८ असे इलेक्ट्रॉन मांडायला शिकतो. कॅल्शियमपर्यंत हे गणित सुरळीत चालते. मँगनीजपाशी मात्र मांडणी २, ८, १३, २ अशी होते. तिसऱ्या कवचात एक आतला कप्पा आहे, त्याला डी उपकवच म्हणतात. त्यात दहा जागा, आणि मँगनीजच्या त्या जागांपैकी पाच भरलेल्या. बाहेरचे दोन आणि या कप्प्यातले पाच मिळून सात इलेक्ट्रॉन असे आहेत, जे बंध बांधायला कामी येतात. सोडियम एकच इलेक्ट्रॉन देतो आणि थांबतो, कॅल्शियम दोन. मँगनीज दोनही देते, तीनही, चारही, आणि वेळ पडली तर सातही. ब्राउनाइटमध्येच पाहा. त्याच्या सूत्रात मँगनीजचे सात अणू असतात, त्यांतल्या एकाने दोन आणि सहांनी प्रत्येकी तीन इलेक्ट्रॉन दिलेले. एकाच दगडात दोन अवस्था शेजारी शेजारी.

भट्टीत या खनिजातला ऑक्सिजन काढून घेतला की मँगनीज धातू सुटतो आणि पोलादात जातो. धातूमध्ये बंधाची तऱ्हा निराळी असते. अणू ओळीने रचलेले, आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एकाचे नसून सगळ्यांचे मिळून फिरते. म्हणून धातूतून वीज वाहते, आणि म्हणूनच ठोकला तर धातू चेपतो, मिठाच्या खड्यासारखा फुटत नाही. पोलादात मँगनीज आणखी एक काम करते. लोखंडात राहून गेलेल्या गंधकाला ते स्वतःशी बांधून घेते. नाहीतर गंधक लोखंडाशी जोडले जाऊन तापलेल्या पोलादाला तडे पाडते. १८८२ साली रॉबर्ट हॅडफिल्डने बारा-तेरा टक्के मँगनीज घालून जे पोलाद केले, ते मार खाऊन अधिकच कठीण होते. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे ते आजही बसवतात.

आता भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात जाऊ. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइड निघते आणि मॉयलचा बॅटरीसाठी लागणारे शुद्ध डायऑक्साइड विजेच्या साहाय्याने करण्याचा कारखानाही तिथेच आहे. टॉर्चच्या साध्या सेलमधला काळा लगदा तो हाच. सेलचे जस्ताचे डबडे प्रत्येक अणूमागे दोन इलेक्ट्रॉन सोडते. ते तारेतून, बल्बमधून फिरून लगद्यापर्यंत येतात आणि चार इलेक्ट्रॉन देऊन बसलेले मँगनीज त्यांतला एक परत घेते. इलेक्ट्रॉनांचा हा परतीचा प्रवास म्हणजे दीड व्होल्टची वीज. मधली काळी कांडी कार्बनची, ग्राफाइटची. ग्राफाइटमध्ये कार्बनचा प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला असतो आणि चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो, म्हणून ती कांडी वीज वाहून नेते. हिऱ्यात चारही बंध जखडलेले. तिथे फिरायला कुणी मोकळे नाही, म्हणून हिऱ्यातून वीज जात नाही.

सात इलेक्ट्रॉन ज्याने दिले ते मँगनीज पाहायचे असेल तर पोटॅशियम परमँगनेट आणावे. विहिरीत टाकायचे लाल औषध म्हणून जुन्या माणसांना ते चांगले माहीत आहे. दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली असतात, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी मुलांना हे करून दाखवावे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या. परमँगनेटचा मोहरीहून लहान कण त्यात टाका. आधी जांभळ्या रेघा तळाकडे उतरतील, ढवळले की सगळे पाणी गुलाबी-जांभळे होईल. रंग एवढा फिका हवा की ग्लासाच्या पलीकडचे बोट दिसावे. मग संत्र्याचा गाळलेला रस थेंब थेंब सोडा. पहिल्या थेंबांना जांभळ्यात तपकिरी झाक येईल, आणखी रस घातला की तीही जाऊन पाणी रसासारखे फिकट पिवळे उरेल. हे पाणी प्यायचे नाही, ओतून द्यायचे. आणि परमँगनेटची बाटली ग्लिसरीनपासून लांब ठेवायची, कारण दोन्ही एकत्र आले की आग लागते.

त्या काही सेकंदांत ग्लासात काय झाले? जांभळ्या अवस्थेत मँगनीजचे सातही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे झुकलेले होते. संत्र्यातले क जीवनसत्त्व इलेक्ट्रॉन द्यायला तयार असते. तीन परत मिळाले की मँगनीज तपकिरी डायऑक्साइड होते, म्हणजे टॉर्चच्या सेलमधलेच. आंबट रसात आणखी दोन मिळाले की दोनाच्या अवस्थेत येते आणि जवळजवळ रंगहीन होते. तिथे डी कप्प्यातल्या दहांपैकी पाच जागा पुन्हा भरलेल्या असतात, आणि ही अर्धी भरलेली मांडणी मँगनीजला विशेष मानवते. डोंगरी बुजुर्गपासून खाप्यापर्यंतचे रसायनशास्त्र एका ग्लासात!

इथे शिक्षकांना एक सांगावेसे वाटते. ‘दिले’ आणि ‘घेतले’ हा आपला हिशेब आहे. परमँगनेटमध्ये मँगनीजवर खरोखर सात पूर्ण प्रभार नसतात, चार ऑक्सिजनांशी त्याची भागीदारीच असते, फक्त भागीदारीतला मोठा वाटा ऑक्सिजनकडे असतो. इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद पाउलिंगच्या मोजपट्टीवर ऑक्सिजनची ३.४४, कार्बनची २.५५, मँगनीजची १.५५ आणि सोडियमची ०.९३. फरक फार मोठा असेल तर आयनिक बंध, लहान असेल तर सहसंयुज. बहुतेक बंध या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. परीक्षेसाठी रकाने पाडायला हरकत नाही, पण निसर्गात ते रकाने नाहीत, हे मुलांना त्याच तासाला कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट खापरखेड्याची. ‘कोळशाच्या बंधांत ऊर्जा साठवलेली असते, बंध तुटला की ती बाहेर पडते’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो, आणि ते चूक आहे. बंध तोडायला नेहमी ऊर्जा घालावी लागते. ऊर्जा मिळते ती नवा बंध जुळताना. हिशेबच मांडू. शुद्ध कार्बनचे १२ ग्रॅम घेतले आणि त्यांतले सगळे बंध तोडून अणू सुटे केले तर ७१७ किलोज्यूल खर्च होतात. त्यांना लागणाऱ्या ऑक्सिजनचे रेणू तोडायला ४९८. एकूण खर्च १,२१५. मग कार्बन डायऑक्साइडचे दोन बंध जुळतात, प्रत्येकी ८०४, म्हणजे १,६०८ परत मिळतात. हाती राहिले ३९३ किलोज्यूल. सावनेरच्या खाणीतला कोळसा शुद्ध कार्बन नसतो. त्यात राख आहे, ओल आहे, हायड्रोजन आणि थोडे गंधक आहे, पण तत्त्व हेच. कार्बन डायऑक्साइडचे बंध इतके भक्कम असतात म्हणूनच कोळसा जळताना उष्णता देतो. आणि नेमके त्याच कारणाने धुराड्यातून गेलेल्या या वायूचा पुन्हा कार्बन करणे महाग पडते. चुकते करायचे ३९३ कुठून तरी आणावेच लागतात.

ते काम उन्हाच्या जोरावर फुकटात करणारे एक यंत्र मात्र याच तालुक्यात बागाबागांतून उभे आहे, आणि त्यातही मँगनीज आहे. हिरव्या पानात पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो ते एका लहानशा गाभ्यापाशी. मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक, आणि त्यांना जोडणारे पाच ऑक्सिजन. जपानी संशोधकांनी २०११ साली त्याची रचना अणू अणू वेगळा दिसेल इतक्या स्पष्टपणे उलगडली. प्रकाशाचा एकेक फटका बसला की हा गाभा एकेक इलेक्ट्रॉन सोडतो, त्यातले मँगनीज तीनावरून चारावर चढत जाते, आणि चार इलेक्ट्रॉन गेले की ते पाण्याकडून एकदम वसूल होऊन ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर पडतो. हवेतला जवळजवळ सगळा ऑक्सिजन असाच तयार झालेला आहे. मँगनीजला दोनपासून सातपर्यंत अवस्था बदलता येतात म्हणून हे जमते. सोडियमला किंवा कॅल्शियमला हे कधीच साधले नसते.

आणि तरी या मँगनीजच्या मुलखात संत्र्याच्या झाडाला मँगनीज कमी पडते. नागपुरी संत्र्याच्या बागांत नत्र, स्फुरद, लोह, जस्त यांच्याबरोबर मँगनीजचीही कमतरता आढळते, हे इथल्या संशोधकांनी नोंदवले आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळसर, असे पान दिसले की बागायतदार ओळखतो. कारण पुन्हा अवस्थांचेच. मुळांना मँगनीज लागते ते दोनाच्या अवस्थेतले, पाण्यात विरघळणारे. चुनखडीच्या, विम्लधर्मी काळ्या जमिनीत ते चाराच्या अवस्थेत जाते आणि न विरघळणारा डायऑक्साइड होऊन बसते. मातीत आहे, पण झाडाच्या तोंडी पडत नाही. म्हणून मँगनीज सल्फेट पानांवर फवारतात, कारण त्यात ते दोनाच्याच अवस्थेत असते. फवारणीआधी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी पान आणि माती तपासून घेणे केव्हाही शहाणपणाचे, कारण लोह, जस्त आणि मँगनीज यांच्या कमतरतेची लक्षणे डोळ्यांना सहज फसवतात.

खाणीचा पैसा आणि रसायनशास्त्र यांचे नाते या भागात जुने आहे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने आपली मोठी संपत्ती नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी दिली. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे सगळ्यांचे एलआयटी, उभे राहिले. २०२३ साली त्याला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ज्या माणसाने जमिनीतून धन काढले त्याने ते पदार्थांच्या अभ्यासासाठी परत द्यावे, ही मला विदर्भाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. तिची आठवण आपण पुरेशी ठेवत नाही.

तालुक्यातल्या शाळांकडे मागणे मात्र त्याहून पुष्कळ लहान आहे. अणूचा धडा सुरू होण्याआधी वर्गातल्या टेबलावर मँगनीजच्या खनिजाचा एक तुकडा, कोळशाचा एक खडा, टॉर्चच्या सेलमधून काढलेली कार्बनची कांडी, परमँगनेटचे फिके पाणी आणि संत्र्याची एक डहाळी ठेवा. सेल शिक्षकांनीच उघडावा, आणि तो साधाच असावा, अल्कलाइन नको. मुलांना हे सगळे आधी हाताळू द्या, विचारू द्या, आणि मगच फळ्यावर २, ८, १३, २ लिहा.